बाभळीचं बी आणि कमलबाई

पुसेगाव, ता. सेनगाव
दि. ३ ऑगस्ट २०२५

चि. सरिताला आत्याचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकशील. म्हणशील, आत्याच्या घरात मोबाइल असून ही पोस्टाच्या मागे काय लागली? तर ऐक. माझा डावा कान हल्ली संपावर गेलाय, म्हणून फोन स्पीकरवर टाकावा लागतो. आणि स्पीकर लागला की शेजारची कमलबाई भिंतीपलीकडून उत्तरं द्यायला लागते. परवा तुझ्या बाबांनी विचारलं, "जनके, कंबर कशी हाय?" मी तोंड उघडायच्या आत पलीकडून आवाज आला, "लई दुखून राहिली म्हणं, ग्यानबादादा!" कमलबाई मनाची वाईट नाही. अडीअडचणीला तीच पहिली धावते. पण तिच्या कानात पडलेली गोष्ट दुपारच्या एसटीने सेनगावला जाते आणि संध्याकाळच्या एसटीने दुप्पट फुगून परत येते.

आता कामाचं. तू वसमतच्या कॉलेजात झाडाझुडपांची मास्तरीण. मला एवढं सांग, झाडं आपलं बी खाणाऱ्यांपासून कशी वाचवतात? माझ्याकडे एक बी आहे. एकच आहे आणि या वयात दुसरं मिळायचं नाही. दसऱ्याला माझा मुन्ना पुण्याहून घरी येईल, तेव्हा त्याच्या हातूनच त्याला पाणी घालायचं असं मी ठरवलंय. तोवर ते टिकायला हवं, आणि खायला टपलेले तर गावात कमी नाहीत.

हसू नकोस. लिहिताना मी हसतेय तो भाग वेगळा.

तुझी,
जनकाआत्या


वसमत
दि. ९ ऑगस्ट

प्रिय आत्या, सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये उघडलं आणि एवढी हसले की केमिस्ट्रीच्या भीमराज सरांनी घाबरून पाण्याचा ग्लास आणून दिला. इथे तासिका तत्त्वावर शिकवणारे आम्ही दोघंच तरुण, बाकी सगळे ज्येष्ठ. त्यामुळे माझ्या हसण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते.

प्रश्न मात्र फार छान विचारलास. थंड देशात हिवाळा आला की किडेमकोडे मरतात, झाडांना जरा उसंत मिळते. आपल्यासारख्या उष्ण मुलखात खाणारे बारा महिने कामावर असतात. भुंगे, उंदीर, पोपट, माकडं, सगळी. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते डोकं चालवतं. आपला बिब्बाच घे. त्याचं पिवळंधमक बोंड गोड असतं, पाखरांनी ते खुशाल खावं. पण खालच्या बीला दात लावला की ते काळं तेल अंगावर असं उततं, फोड आणतं, की खाणारा पुन्हा त्या वाटेला जात नाही. आतली गोडंबी किती गोड ते तुझ्या लाडवांमुळे मला माहीत आहे, पण ती मिळवायला काय हाल होतात तेही मी पाहिलंय.

काही झाडं बीभोवती टणक कवच करतात. पण कवचावर फार विसंबू नये. चिंचोक्यात बारीक गोल भोक पाहिलंस ना? तो किडा चिंच कोवळी असतानाच आत शिरलेला असतो. बाहेरून दार लावलं तेव्हा पाहुणा आत बसलेला.

भीमराज सर म्हणतात, बिब्ब्याच्या तेलावर ते मला एक प्रयोग करून दाखवतील. पण आत्या, तुझं बी आहे तरी कसलं? दसऱ्यापर्यंत थांबणारं आणि मुन्नादादाच्याच हातचं पाणी पिणारं बी मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही.

तुझी,
सरू


पुसेगाव
दि. २० ऑगस्ट

सरू लेकरा,

बी म्हणजे बी नाही. बी म्हणजे किशनराव.

आता दार लावून घे आणि पुढचं वाच. आपल्या हिंगोली गाडीवर कंडक्टर होते ना, ते किशनराव. सारखे "पुढं सरका, पुढं सरका" करणारे. रिटायर होऊन गावात राहायला आलेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आषाढ पौर्णिमेला विहारात वंदना झाली, सगळे पांगले, मी चपला घालत होते. हे मागून आले. घसा खाकरला. म्हणाले, "जनकाबाई, घरात येक सीट रिकामी हाय. खिडकीची हाय. बसता का?"

मी म्हणाले, "आन् तिकीट?"

ते म्हणाले, "पास हाय. कायमचा."

सरू, मी छप्पन्न वर्षांची बाई, अंगणवाडीची मदतनीस. चाळीस पोरांना खिचडी वाढताना मी कधी भांबावत नाही. पण त्या दिवशी डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालून घरी आले. मी त्यांना हो म्हणाले. मला ते फार आवडतात. लिहूनच टाकलं, आता खोडत नाही.

पण मुन्नाचं काय? त्याचे वडील गेले आणि पुण्याच्या नोकरीसाठी त्याला मला एकटीला सोडून जावं लागलं. एसटीच्या मागच्या काचेतून त्याने तोंड फिरवलं होतं, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ही गोष्ट त्याला माझ्या तोंडून, माझ्या चुलीपुढे बसून कळली पाहिजे. चार लोकांनी चघळून थुंकलेली त्याच्या कानावर गेली तर तो मला काही बोलणार नाही, पण आतून तुटेल. तसं झालं तर मी किशनरावांना नाही म्हणणार. त्यांनाही सांगितलंय. त्यांना ते पटलं.

तू सांगितलेला बिब्बा मी लगेच लावून पाहिला. म्हटलं, आपण इतकं कडू व्हायचं की कुणाला संशयच यायला नको. पारावर भर बाजारच्या दिवशी मी किशनरावांवर ओरडले, "मागं हिंगोलीला जाताना तुमी मला सुट्टे दिले न्हाईत, अजून ध्येनात हाय माझ्या!" त्यांना आधी सांगायचं राहून गेलं. ते खरंच खजील झाले आणि खिसे चाचपायला लागले. मग काय, गावाने आम्हाला घेरलं. म्हशीवाला नेमसिंग म्हणाला, असं वैर बरं नाही. दोघांना एकाच बाजेवर बसवलं, एकाच बशीतला चहा अर्धा अर्धा पाजला आणि समेट केला. कमलबाई तेवढ्यात माझ्या कानाशी म्हणते, "येवढी भांडून राहिली म्हंजे कायतरी हायच की!"

पारावर एकत्र चहा प्यायला मिळाला, हे झालं बोनस. पण बिब्बा माझ्याच अंगावर उतला. दुसरं काही सुचव.

तुझी आत्या


वसमत
दि. २६ ऑगस्ट

माझी लाडकी, चोरटी, छप्पन्न वर्षांची आत्या,

मी पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा खोलीत नाचले. खालच्या हळदीच्या व्यापाऱ्याने काठीने छत ठोकलं. खिडकीची सीट! कायमचा पास! असा माणूस सोडशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. फक्त भीमराज सरांना, कारण डोळ्यांत पाणी का आलं ते त्यांनी विचारलं.

आता शास्त्र. तुझा प्रश्न ऐकून मला बांबू आठवला. बांबू वर्षानुवर्षं फुलत नाही. मग एके वर्षी एका जातीचे सगळेच्या सगळे एकदम फुलतात आणि बियांचा नुसता पाऊस पाडतात. दूर बोर्निओच्या जंगलात आभाळाला टेकणारी झाडं आहेत, ती पण अशीच ठरवल्यासारखी एकत्र फळतात. उंदीर, डुकरं, पाखरं खातात, खातात, खाऊन खाऊन आडवी होतात. शेवटी समोर पडलेल्या बीकडे बघवत नाही त्यांना. जे उरतं ते निवांत उगवतं. थोडं थोडं दिलं असतं तर एकही वाचलं नसतं.

आणि एक गंमत. बाभळीच्या शेंगा शेळ्या आवडीने खातात ना? बरीचशी बियं त्या रवंथ करताना गोठ्यातच थुंकून टाकतात. त्या पोटात भिजून आलेल्या बीचं कवच मऊ झालेलं असतं. झाडाखाली पडलेल्या बीला भुंगा लागतो, पण शेळीने चघळलेलं बी चटकन उगवतं. म्हणजे खाणाराच पेरणारा.

हे मी फक्त झाडांबद्दल लिहिते आहे. कृपा करून तू काही करू नकोस. गप्प राहा, दसरा आलाच.

सरू


पुसेगाव
दि. १२ सप्टेंबर

चि. सरू,

गप्प राहिले होते. शपथ. पण किशनरावांना कोण गप्प करणार? माणूस रोज सकाळी अंगणवाडीपुढून जातो आणि तिथे आला की पाय आपोआप थांबतात. कमलबाईने बरोबर पकडलं. मला म्हणाली, "जनके, कंडक्टर तुझ्या शाळंपुढं काहून थांबून राहिला? तिथं स्टॉप हाय का?"

माझ्या हातातला डाव खिचडीत पडला. एक दिवस, फार तर दोन, की गोष्ट सेनगावला पोचली असती आणि तिसऱ्या दिवशी पुण्याला.

मग मी बांबू झाले.

त्याच दुपारी कमलबाईला बोलावून दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "कोणाला सांगू नको." हे तीन शब्द बोलले की बाई माझ्यापेक्षा चांगली ऐकते. मी तिला सांगितलं, नेमसिंगची म्हैस टीव्हीवर येणार आहे, पुण्याहून माणसं तिचं माप घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सांगितलं, किराणावाला शंकरसिंग दुकान बंद करून विमान चालवायला शिकणार आहे. मग फोनचा स्पीकर मोठा करून मी स्वतःशीच बोलायला लागले. समोर कुणीच नाही आणि मी म्हणतेय, "काय सांगता! आपल्या पुसेगावात समुद्राच्या माशांचा कारखाना?" भिंतीपलीकडे भांडं पडलं, मी समजले, पोचलं.

गावात नुसती धमाल उडाली. पोरांनी नेमसिंगच्या म्हशीला पावडर लावली. शंकरसिंगला जो तो विचारतो, "वर गेल्यावर आमच्या शेतावरून चक्कर मारताल का?" तो बिचारा आधी चिडला. आता म्हणतो, तिकीट काढा. लोक खाऊन खाऊन आडवे झाले. नवीन काही सांगितलं की हात जोडतात.

तेव्हा मी खरं बी त्यातच टाकलं. स्वतः. कमलबाईला म्हणाले, "आन् ऐकलं का, अंगणवाडीची जनकाबाई किशनरावशी लगीन करून राहिली म्हणं." कमलबाईने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि असं हसली, असं हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. "व्हय व्हय," म्हणते, "आन् वऱ्हाड शंकरसिंगच्या इमानात!" गावभर सगळे तसंच हसले. किशनराव तर आता माझ्या दारात उभे राहून बोलतात आणि लोक हसून एकमेकांना टाळ्या देतात.

एकच चूक झाली बघ. खोट्या बियांची गोणी भरायला बातम्या कमी पडायला लागल्या, म्हणून घाईत एक तुझीही टाकली. वसमतच्या भीमराज मास्तराशी तुझं जमलंय अशी. कुणी विश्वास ठेवणार नाही, काळजी करू नकोस.

तुझी आत्या


वसमत
दि. १७ सप्टेंबर

आत्या,

जयभीम वगैरे नंतर.

कुणी विश्वास ठेवणार नाही? तुझ्या सख्ख्या भावाने ठेवला! आज मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. मी मैदानात मुलांच्या रांगा लावत होते, तर फाटकातून बाबा आत. डोक्याला पांढरा रुमाल, हातात पिशवी, चेहरा असा की झेंड्यालाही सलामी द्यायची विसरले. थेट प्राचार्यांना विचारतात, "भीमराज मास्तर कोनते?"

सर राष्ट्रगीताच्या रांगेत उभे होते. राष्ट्रगीत सुरू झालं म्हणून बाबांना तिथेच थांबावं लागलं. अख्खं राष्ट्रगीत दोघं एकमेकांकडे बघत ताठ उभे. मी मधे. ते संपल्यावर बाबा म्हणाले, "तुमीच का ते?" सर म्हणाले, "हो." मग म्हणाले, "म्हणजे, कोण ते?"

मी बाबांना सांगितलं की ही सगळी तुझी थट्टा आहे, गावात म्हशीपासून विमानापर्यंत काय काय चाललंय ते विचारा. त्यांना पटलं. पण सरांनी चहाला बसवलं, हळदीवरच्या करपा रोगाचा विषय निघाला, आणि दोघं उठेचनात. जाताना बाबा मला म्हणतात, "मास्तर चांगला हाय गं. पन जनकीचं ऐकून माझी चक्कर वाया गेली."

माझी काय अवस्था झाली असेल! सरांपुढे मान वर करता येत नाही. त्यांनीही आज पाण्याचा ग्लाससुद्धा आणला नाही.

मी तुझ्यावर रागावले आहे. दसऱ्याला काय होतं ते मात्र लगेच कळव.

सरिता


पुसेगाव
दि. ४ ऑक्टोबर

सरू, माझ्या लेकरा,

राग बाजूला ठेव आणि बसून वाच. उभी असशील तर पडशील.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. कमलबाई भल्या सकाळी माझ्याकडे आली. नेहमीसारखी कुजबुजली नाही. खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, "जनके, मी लई विचार करून राहिले. गावात येवढ्या खोट्या बातम्या झाल्या. म्हस न्हाई टीव्हीवर आली, शंकरसिंग न्हाई उडाला. पन तुझी आन् किशनरावची जी बात हाय ना, ती खोटी ऱ्हायला नको. ते येकटे, तू येकटी. मला हसू आलं तवा. मंग घरी जाऊन रडू आलं."

सरू, मी दोन महिने जिच्यापासून लपले ती माझ्यापुढे बसून माझंच बी मला परत देत होती. तू लिहिलेली शेळी आठवली. हसावं की पाया पडावं तेच कळेना.

मी नाही म्हणाले. म्हणावंच लागलं ना? तर बाई पेटली. "तू असंच म्हणशील हे मला ठावं व्हतं, म्हणून मी कालच मुन्नाला फोन केला."

जे होऊ नये म्हणून म्हशीला पावडर लागली, तेच झालं. मी किशनरावांच्या घरी गेले, दारातूनच सांगितलं, मुन्नाला कळलंय, माझ्या तोंडून नाही. ते खुंटीवरची जुनी शिट्टी काढून उगाच पुसत बसले. ते बघून मला रडू आवरेना.

दसऱ्याला मुन्ना आला. विहारात जाऊन आलो, जेवायला बसला. मी भाकरी थापत होते. तो म्हणाला, "आई, कमलमावशीचा फोन आला होता." मी भाकरी तव्यावर टाकली. तो म्हणाला, "मावशी म्हणे तू तयार होणार नाहीस. काहून होणार न्हाईस? माझ्यामुळं?"

मी मान वर केली तर त्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, "त्या दिवशी गाडीत मी तोंड फिरवलं, कारण तू एकटी स्टॉपवर उभी होतीस ते बघवेना. तिकडे जेवायला बसलो की रोज तेच दिसतं, आई. तुझ्यासोबत कुणी असलं तर मला नीट जेवण जाईल."

मग मी त्याला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. चपला, खिडकीची सीट, बिब्बा, बांबू, म्हैस. मीच आधी हो म्हणाले होते हेही. ते त्याला माझ्याच तोंडून कळलं, माझ्याच चुलीपुढे. तो एवढा हसला की भाकरीचा कोळसा झाला आणि भिंतीपलीकडून कमलबाई ओरडली, "काय जळून राहिलं?"

संध्याकाळी किशनराव आले. इस्त्रीचा सदरा, केसांना पाणी. बाजेपुढे उभेच. आयुष्यभर दुसऱ्यांना बसवलं, पण स्वतः कुठे बसावं ते त्यांना सुचेना. मुन्ना बाजेवर होता. तो उठला नाही. जरा सरकला, बाजूला हात ठेवला आणि म्हणाला, "बसा. मी पुढं सरकलो."

सरू, त्या एका वाक्यासाठी मी पुन्हा छप्पन्न वर्षं जगेन.

कार्तिक पौर्णिमेला विहारात लग्न आहे. लाडू गोडंबीचे. कमलबाई गावभर सांगते की हे लग्न तिने जमवलं, आणि आम्ही तिघांनी ठरवलंय की ते तसंच राहू द्यायचं. ते पुरतं खोटंही नाही.

आणि तुझा राग. मला एक सांग, तुझ्या पत्रांत झाडं जितकी येतात तितकेच भीमराज सर का येतात? खोटं बी निवडताना माझा हात नेमका तिथेच गेला, याचा तू विचार कर.

तुझी नवरी आत्या


वसमत
दि. ११ ऑक्टोबर

प्रिय आत्या, पुष्कळ पुष्कळ जयभीम.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं आणि ऐकणारा माझ्याइतकाच रडला. मग त्याने पाण्याचे दोन ग्लास आणले. एक माझ्यासाठी, एक स्वतःसाठी.

झेंडावंदनानंतर आठ दिवस आम्ही बोललो नव्हतो. नवव्या दिवशी त्याने विचारलं, "ती बातमी खोटीच आहे ना?" मी म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" तो म्हणाला, "मला वाटतं, खोटी राहायला नको."

पुसेगावची हवाच म्हणायची ही.

बाबांना अजून काही माहीत नाही. मी सांगायला गेले तर अडखळेन, रडेन, सगळं बिघडवून ठेवेन. त्यांच्यापुढे ही गोष्ट जरा मऊ होऊन, भिजून गेली पाहिजे. तेव्हा एक काम कर. उद्या दुपारी मी तुला फोन करते.

स्पीकर मोठा ठेव. आणि सुरुवातीलाच म्हण, कोणाला सांगू नको.

तुझी,
सरू